गाडी डावीकडे का ओढते?

जुन्या पिकअपचं स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागलं की चालक सगळ्यात आधी टायरवाल्याकडे जातो. तो अलाइनमेंट करून घेतो, पैसे देतो आणि रस्त्याला लागतो. पुष्कळदा पहिल्या दोन-चार किलोमीटरमध्येच त्याच्या लक्षात येतं की गाडी होती तशीच ओढते आहे. मग पुढच्या आठवड्यात दुसरा टायरवाला. तिथंही फरक पडला नाही की नवे टायर टाकायचे. तरीही ओढ राहिलीच, तर ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ असं म्हणून तो उजव्या हातानं स्टेअरिंग दाबून धरायची सवय लावून घेतो. ही सवय मला सगळ्यात घातक वाटते. रात्रीच्या वेळी, भरलेल्या गाडीत, घाटातून जाणारा माणूस गाडीशी झगडत असतो आणि त्याला ते झगडणं आता जाणवतही नसतं.

हा बिघाड नेमका शोधतात कसा, हे पाहण्यासाठी मी आळेफाट्यावरच्या एका गॅरेजात जाऊन बसलो. जागा मुद्दाम निवडली होती. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन्ही रस्ते इथं एकमेकांना छेदतात. ज्या आळे गावावरून फाट्याला नाव पडलं, तिथं ज्ञानेश्वरांनी वेद बोलवलेल्या रेड्याची समाधी आहे, आणि बाहेरगावचे लोक तेवढ्याच ओळखीवर हे गाव जाणतात. आता मात्र फाट्याची खरी ओळख वाहनं हीच आहे. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो, ओतूरकडचा फ्लॉवर, काकडी, कोथिंबीर असा माल घेऊन वाशीकडे निघालेल्या पिकअप इथून जातात. १९८८मध्ये टाटामोबाइल आली, २०००मध्ये बोलेरो, २००५मध्ये टाटा एस, २०११मध्ये अशोक लेलँडची दोस्त. या गाड्यांनी आणि त्यांच्या भाईबंदांनी शेतकऱ्याच्या बांधापासून बाजारापर्यंतचा रस्ता आपल्या ताब्यात घेतला. त्यामुळे फाट्यावर कमानपाटेवाले, टायरवाले, रेडिएटरवाले, वेल्डिंगवाले असे सगळे कारागीर हाकेच्या अंतरावर भेटतात.

मी बसलो होतो तेव्हा आलेली गाडी २०१०ची होती. मालक ओतूरकडचा शेतकरी, स्वतःच चालवणारा. गाडी त्यानं जुनी घेतलेली. तिच्या पुढच्या भागाची ठेवण जुन्या पद्धतीची, म्हणजे आडवा अखंड एक्सल आणि त्यावर गाडी पेलणारे कमानपाटे. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत पुढची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात, कॉइल स्प्रिंगवर. ही गाडी तशी नव्हती, आणि पुढं जे निघालं त्यात या गोष्टीला फार महत्त्व होतं.

टोमॅटोचा एक क्रेट भरून साधारण २० किलोचा. दीड टन क्षमतेच्या गाडीत हिशोबानं ७५ क्रेट बसायला हवेत. हंगामात ते शंभराच्या पुढे जातात, हे या पट्ट्यात कुणीही लपवत नाही. संध्याकाळी भरायचं, रात्री माळशेज उतरायचा, मुरबाड, कल्याण, शिळफाटा करत पहाटेच्या आत वाशी गाठायची. “कल्याण येईस्तोवर उजवा खांदा भरून येतो,” मालक म्हणाला. “दोनदा अलाइनमेंट केलं. पुढचे दोन्ही टायर नवे टाकले. तरी डावीकडं ओढतीच.”

मिस्त्री साठीच्या घरातले. त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही. आधी प्रश्न विचारले.

“हात सोडल्यावर गाडी डावीकडं जाती, का गाडी सरळ जाती आन् स्टेअरिंग वाकडं राहतंय?”

“जाती मामा. हात ढिला केला की साइडपट्टीकडंच निघती.”

“रिकामी असताना?”

“तवाबी. पण भरल्यावर जास्त.”

“ब्रेक मारल्यावर झटका देती, का आपली सारखीच ओढती?”

मालक थोडा थांबला. “सारखीच. पण घाट उतरल्यावर लई. मुरबाडच्या पुढं जाऊन चहाला थांबलो, अर्धा तास गेला, की मग जरा कमी वाटती.”

मिस्त्रींनी मान हलवली. बरोबरच्या पोराला म्हणाले, “हे ध्यानात ठेव.”

या तीन प्रश्नांत निम्मं निदान होतं. हात सोडल्यावर गाडी बाजूला जाणं आणि गाडी सरळ जात असताना स्टेअरिंग तिरकं राहणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुसऱ्यात बहुधा मागचा एक्सल किंचित तिरका बसलेला असतो, किंवा स्टेअरिंगच्या दांड्यांची लांबी चुकीची लावलेली असते. गाडी कुत्र्यासारखी तिरकी पळते, पण ओढत नाही. फक्त ब्रेक मारल्यावर ओढणं हे तिसरं दुखणं. तिथं ज्या बाजूला गाडी ओढते तिच्या विरुद्ध बाजूचा ब्रेक कमी धरत असण्याची शक्यता मोठी. आणि एका वळणानंतर त्याच बाजूला ओढत राहणं, दुसरं वळण घेतलं की त्या बाजूला ओढणं, हे चौथं. त्यात किंगपिन किंवा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्याच्याभोवती वळतं तो सांधा, ग्रीसअभावी घट्ट झालेला असतो, म्हणून वळवलेलं चाक आपणहून मधल्या जागी येत नाही. चालक या सगळ्याला एकच शब्द वापरतो, ‘ओढते’. मिस्त्रीचं पहिलं काम त्या एका शब्दातून नेमकं दुखणं वेगळं करणं. जो न विचारता थेट जॅक लावतो, त्याच्यावर माझा फारसा विश्वास बसत नाही.

पुढचा टप्पा हवेचा आणि टायरचा. एका चाकात हवा कमी असेल तर गाडी त्याच बाजूला ओढते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण गरम टायरमध्ये हवा तपासून उपयोग नाही, हे विसरलं जातं. गाडी थंड झाल्यावर दोन्ही बाजू मोजल्या. सारख्या होत्या. मग मिस्त्रींनी पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावायला सांगितले. टायरच्या आतल्या थरांत बांधणी किंचित तिरकी असेल तर नवा टायरसुद्धा गाडी एका बाजूला नेतो. अदलाबदल केल्यावर ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा, डावीकडेच राहिली तर टायर सुटला. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे, खर्च नाही. तरीही नवे टायर घेण्याआधी ही अदलाबदल करून पाहणारे चालक मला क्वचितच भेटले.

टायर अदलून गाडी रस्त्यावर काढली. इथं आणखी एक गोष्ट. आपला डांबरी रस्ता सपाट नसतो. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून त्याला मधून कडेकडे साधारण दोन ते अडीच टक्के उतार ठेवलेला असतो, म्हणजे मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे निर्दोष गाडीसुद्धा हात सोडल्यावर हळूहळू डावीकडे सरकते. तो बिघाड नव्हे. म्हणून मिस्त्री गाडी गावातल्या एका रिकाम्या, सरळ रस्त्यावर घेऊन गेले. पुढेमागे कुणी नाही हे पाहून आधी डाव्या उतारावर, मग रस्त्याच्या उजव्या उतारावर, सावकाश, हात स्टेअरिंगपासून दोन बोटं दूर ठेवून चालवली. उजव्या उतारावरही गाडी डावीकडेच आली. टायर अदलूनही डावीकडेच. रस्ता आणि टायर दोन्ही सुटले.

आता अलाइनमेंटबद्दल. हा भाग जरा सविस्तर सांगायला हवा, कारण पैसे सगळ्यात जास्त वाया जातात ते इथेच.

पुढच्या चाकांच्या ठेवणीत तीन कोन महत्त्वाचे. समोरून पाहिलं तर चाक वरच्या बाजूला आत किंवा बाहेर किती झुकलंय तो कॅम्बर. वरून पाहिलं तर दोन्ही चाकांची तोंडं पुढच्या बाजूला एकमेकांकडे किती वळलीत ते टो. आणि बाजूनं पाहिलं तर चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष मागे किती कललाय तो कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तिरका असतो. म्हणूनच चालत्या सायकलचं हँडल आपोआप सरळ होतं. तो कॅस्टरच. वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाहिजे ही आणखी एक गोष्ट. तिची सोय म्युनिकच्या गेओर्ग लांकेनस्पर्गर या बग्गी बनवणाऱ्यानं १८१७मध्ये शोधली. इंग्लंडमध्ये १८१८ला तिचं पेटंट त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान यानं घेतलं आणि नाव आकरमानचंच राहिलं. दोनशे वर्षांपूर्वी घोड्यांच्या बग्गीसाठी काढलेली ही रचना आजही प्रत्येक पिकअपच्या पोटाखाली आहे.

गॅरेजातला पोरगा आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेला. मी विचारल्यावर त्यानं नीट सांगितलं: “कॅस्टर एका बाजूला कमी असेल तर गाडी कमी असलेल्या बाजूला जाते. कॅम्बर एका बाजूला जास्त पॉझिटिव्ह असेल तर त्या बाजूला जाते.” आणि टो? “टो चुकला तर टायर खातो. दोन्ही चाकं आपापसांत वाटून घेतात, म्हणून ओढत नाही.”

त्याचं हे शेवटचं वाक्य अधोरेखित करावं असं आहे. ज्या गाडीला पुढं अखंड एक्सल आहे, तिच्यावर टायरवाला बहुधा टायरॉड, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी दांडी, फिरवून फक्त टो बदलतो. कॅम्बर एक्सलच्या लोखंडातच घडवलेला असतो. कॅस्टर बदलायचा तर पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर घालावी लागते, आणि ते काम टायरवाल्याच्या दुकानात होत नाही. म्हणजे या मालकानं दोनदा पैसे देऊन टो बरोबर करून घेतला होता. टो बरोबर झाला, टायरचं आयुष्य वाढलं असेल. ओढीला त्यानं काहीच होणार नव्हतं. अलाइनमेंटवाल्यानं त्याला फसवलं असं मी म्हणणार नाही. पण ‘या गाडीत मी एवढंच बदलू शकतो’ हे त्यानं सांगायला हवं होतं.

आता ‘घाट उतरल्यावर जास्त, थांबल्यावर कमी’ हे मिस्त्रींनी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य. गाडी पुन्हा एकदा बाहेर काढली, चढउताराच्या रस्त्यावर बऱ्यापैकी ब्रेक मारत फिरवली आणि थेट आत आणली. मिस्त्रींनी उजव्या पुढच्या चाकाच्या रिमजवळ तळहात नेला, न लावता. मग डाव्या. डाव्याजवळ हात टिकेना. ताप मोजायची बंदूकही गॅरेजात होती. तिनं तेच सांगितलं. डावा ब्रेक पॅडलवरून पाय काढल्यावरही सुटत नव्हता. बैलजोडीतला एक बैल मागं रेटायला लागला की गाडी त्याच्याच अंगाला वळते, तसं डावं चाक गाडीला आपल्याकडे ओढत होतं. उतारावर ब्रेक जास्त लागतो, ब्रेक तापतो, तापल्यानं तेल फुगतं आणि पकड आणखी वाढते. चहाला थांबल्यावर ते निवतं. मालकानं वर्णन केलेलं सगळं त्यात बसत होतं.

पण ब्रेक का सुटत नाही, हा वेगळा प्रश्न. चाकावर ब्रेक आवळणाऱ्या कॅलिपरच्या पिना गंजून अडकल्या असतील, पिस्टन अडकला असेल, किंवा तेलाचा दाब मागे जात नसेल. पहिल्या दोन कारणांत कॅलिपर उघडावा लागतो. तिसऱ्यात कॅलिपर उघडून पैसे फुकट जातात. हे ओळखण्याची मिस्त्रींची पद्धत पाहण्यासारखी होती.

मागच्या चाकांना ठोकळे लावले, पुढचा भाग जॅकनं उचलला, खाली घोड्या लावल्या. पोरानं दोन-तीनदा ब्रेक दाबून सोडला. मिस्त्रींनी डावं चाक हातानं फिरवून पाहिलं. घट्ट, जोर लावूनही जेमतेम हललं. मग त्यांनी कॅलिपरवरची ब्लीडर निपल पान्यानं पाव वळसा सैल केली. काळपट तेलाची बारीक पिचकारी उडाली आणि चाक मोकळं फिरायला लागलं. म्हणजे पिना आणि पिस्टन ठीक. आत दाब अडकला होता. निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबायला लावला. चाक पुन्हा घट्ट. आता त्यांनी निपलला हात लावला नाही. चेसिसवर जिथं लोखंडी पाइप संपतो आणि रबरी होज सुरू होतो, तो सांधा सैल केला. तेल झिरपलं, पण चाक घट्टच राहिलं.

“बघ,” ते पोराला म्हणाले. “वरचा दाब सुटला, खालचा नाही. मग अडकलंय कुठं?”

“होजमध्ये.”

जुन्या रबरी होजचं आतलं अस्तर फुगून सुटतं. पॅडल दाबताना दाब इतका असतो की तेल त्यातून रेटून पुढं जातं. परतताना मात्र मागं ढकलणारा जोर नगण्य, आणि सुटलेलं अस्तर झडपेसारखं तोंड बंद करतं. बाहेरून होज धडधाकट दिसतो. नवा बसवल्यावर मिस्त्रींनी जुना होज आरीनं आडवा कापून दाखवला. आतला मार्ग आगपेटीच्या काडीपेक्षाही बारीक उरला होता. होज दोन्ही बाजूंचे बदलले, कारण उजव्याचंही वय तेवढंच. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून तेही सगळं काढून नवं भरलं आणि चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढली.

इथं काम संपलं असतं तर बरं झालं असतं. गाडी पुन्हा त्याच सरळ रस्त्यावर नेली. ओढ बरीच कमी झाली होती, पण गेली नव्हती. उजव्या उतारावरही गाडी अजून डावीकडे झुकतच होती. मालकाचा चेहरा उतरला. मिस्त्रींचा नाही. ते म्हणाले, “ब्रेकनं आणखी कायतरी खाल्लंय.”

गाडी पातळी बघून केलेल्या सिमेंटच्या जमिनीवर उभी केली. स्टेअरिंग सरळ बांधलं. चारही चाकांच्या हबच्या मध्यावरून गवंड्याचा ओळंबा सोडला आणि जमिनीवर खडूनं खुणा केल्या. गाडी बाजूला ढकलली आणि खुणांमधलं अंतर टेपनं मोजलं. उजव्या बाजूचं पुढचं-मागचं अंतर आणि डाव्या बाजूचं अंतर यांत चौदा मिलिमीटरचा फरक. डावी बाजू आखूड. पुढचा एक्सल सरकलाय की मागचा, हे पाहायला चेसिसवरच्या दोन्ही अंगांच्या सारख्या भोकांपासून एक्सलपर्यंत मोजलं. पुढचाच, आणि डावं टोक मागं. ज्या बाजूचं चाक मागं सरकतं, त्या बाजूला गाडी ओढते.

आता ते गाडीखाली गेले आणि मलाही बोलावलं. बॅटरीच्या उजेडात डाव्या पाट्याच्या बैठकीशी एक चकचकीत रेघ दिसत होती. गंजलेल्या लोखंडावर तेवढीच एक जागा घासून पांढरी झालेली, तिच्या कडेला लालसर भुकटी. तिथं पाटा आणि एक्सल एकमेकांवर सरकत होते. यू-बोल्टच्या नटला पाना लावला तर तो हलक्या हातानं फिरला. पाटे उतरवल्यावर सेंटर बोल्टचे दोन तुकडे हातात आले.

मागच्या हंगामात डाव्या बाजूचा मेन पाटा तुटला होता आणि तो रस्त्यातच कुठंतरी बदलला होता, हे मालकाला तेव्हा आठवलं. पाटा बदलल्यावर यू-बोल्ट आवळले जातात, पण लोड घेऊन काही अंतर चालल्यावर पाटे एकमेकांत बसतात आणि यू-बोल्ट सैल होतात. म्हणून ते पुन्हा आवळावे लागतात. ते राहून गेलं. सेंटर बोल्टचं काम पाटा कुठं बसवायचा ती जागा पक्की करणं एवढंच. एक्सल धरून ठेवतात ते यू-बोल्ट. यू-बोल्ट सैल झाले की सगळा भार त्या बोटाएवढ्या बोल्टवर येतो. घाटात प्रत्येक ब्रेकबरोबर पुढचा एक्सल मागं ढकलला जातो, आणि या गाडीचा डावा ब्रेक तर कायमच लागलेला. तो बोल्ट कापला गेला यात नवल नाही. मिस्त्री म्हणत होते ते हेच.

नवा सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट. जुने यू-बोल्ट एकदा ताणले गेले की पुन्हा वापरायचे नसतात. पण पैसे वाचवायला तेच परत टाकतात, हे मी शेजारच्या दुकानात माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गाडी चाकांवर उभी करून, तिरक्या क्रमानं, थोडं थोडं करत टॉर्क रेंचनं आवळलं. पुन्हा ओळंबा, पुन्हा खडू. दोन्ही बाजू सारख्या. मग किंगपिन, टायरॉड एंड आणि व्हील बेअरिंग तपासले. चाक वर-खाली धरून हलवलं तर किंगपिन किंवा बेअरिंगचा खेळ कळतो, डावी-उजवीकडे धरून हलवलं तर दांड्यांचा. डाव्या टायरॉड एंडला थोडा खेळ होता, तो बदलला. पॉवर स्टेअरिंगची गाडी असती तर पुढची चाकं उचलून इंजिन सुरू करून बघितलं असतं. स्टेअरिंग आपणहून फिरायला लागलं तर दोष स्टेअरिंग बॉक्सचा. या गाडीला ते नव्हतं.

एवढं सगळं झाल्यावर, आणि त्यानंतरच, मिस्त्री अलाइनमेंटकडे वळले. चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोन्ही बाजूंना सुतळी ताणली आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून सुतळीपर्यंतचं अंतर मोजत टो लावला. शेवटी मालकाला म्हणाले, “आता मशिनवर जाऊन एकदा चेक कर. आकड्यांचा कागद मागून घे.” मशिनला त्यांचा विरोध नाही. सैल सांध्यांवर, सरकलेल्या एक्सलवर मशिन लावण्याला आहे. चार ठिकाणी हलणाऱ्या गाडीचा कोन मोजला तर तो त्या क्षणापुरता कोन असतो. पहिल्या खड्ड्यात तो बदलतो.

रस्त्यावर गाडी सरळ गेली. डाव्या उतारावर सावकाश डावीकडे, उजव्या उतारावर सावकाश उजवीकडे, म्हणजे फक्त रस्त्याचं ऐकत.

या गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र चालू होतं, हेही नोंदवायला हवं. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ते घ्यावं लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८वा नियम स्टेअरिंगबद्दल सांगतो, की स्टेअरिंगचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. खेळ मोजला जातो; ओढ मोजली जात नाही. कापलेला सेंटर बोल्ट गाडीखाली शिरल्याशिवाय दिसत नाही. यांत्रिक तपासणी केंद्रांत रोलरवर ब्रेक तपासले जातात, त्यात डाव्या-उजव्या चाकातला फरक कळतो, आणि अशी केंद्रं वाढली तर अडकलेले ब्रेक नक्की पकडले जातील. पण दोन तपासण्यांमधल्या वर्षभरात शेतकऱ्याची गाडी किती वेळा माळशेज उतरते याचा विचार केला, तर या तपासणीवर विसंबून राहता येणार नाही.

जादा भाराबद्दल बोलणं टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये आहेत. तरीही हंगामात गाड्या भरतात, कारण भाव पडलेला असताना एका फेरीचं भाडं निघायला क्रेट वाढवावे लागतात. पाट्यांवरचा, यू-बोल्टवरचा, ब्रेकवरचा ताण या हिशोबात कुठंच धरलेला नसतो. ही जबाबदारी एकट्या चालकावर ढकलणं मला न्यायाचं वाटत नाही. माल बाजार समितीच्या काट्यावरून जातो, आडत्याच्या गाळ्यावर उतरतो, आणि गाडी सरळ चालते की नाही याची फिकीर मात्र ज्याच्या हातात स्टेअरिंग आहे त्यालाच.

म्हणून बाजार समित्यांना माझं एक सांगणं आहे. नारायणगाव, ओतूर, आळेफाटा अशा प्रत्येक बाजाराच्या आवारात पावसाळ्याआधी, मे महिन्यात, एक दिवस गाड्यांची पोटाखालची तपासणी ठेवा. जवळच्या आयटीआयची मुलं आणि फाट्यावरचे अनुभवी मिस्त्री एकत्र आणा. एक ओळंबा, एक टेप, ताप मोजायची एक बंदूक आणि एक टॉर्क रेंच एवढ्यात ते होतं. आणि चालक-मालकांनो, गॅरेजात गेल्यावर ‘अलाइनमेंट करून द्या’ म्हणू नका. गाडी केव्हा ओढते, कोणत्या बाजूला, रिकामी की भरलेली, घाटाआधी की नंतर, एवढं सांगा आणि मिस्त्रीला खाली बघू द्या. पाटा बदलला असेल तर लोडच्या पहिल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. ते काम अर्ध्या तासाचं आहे.